मुकादमाची वही आणि मंडळाची वही

(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात केलेले भाषण)

गावकरी मंडळी, आयाबहिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या पोरांनो,

तुम्हांला आता वाचता येऊ लागले आहे. एस.टी.ची पाटी वाचता येते. दुकानदाराने उधारी किती मांडली ते वाचता येते. म्हणून आज मी तुम्हांला दोन वह्या वाचायला सांगणार आहे. एक वही मुकादमाची. तिला कोणी हजेरी म्हणतात, कोणी मस्टर म्हणतात. दुसरी वही गावातल्या तरुण मंडळाची. तिच्यात वर्गणी असते, खर्च असतो, आणि कोणाकडे कोणते काम दिले तेही असते.

दोन्ही वह्यांत माणसांची नावे असतात. नाव वाचले की बहुतेक वेळा धर्म कळतो. हा हिंदू, हा मुसलमान, हा बौद्ध, हा ख्रिस्ती, हा जैन. धर्म कळला यात वावगे काही नाही. पण धर्म कळला म्हणून मजुरी कमी लागली, किंवा मंडळात मागे बसायला सांगितले, तर तो अन्याय आहे. आज त्याबद्दल बोलू.

तुम्ही लगेच म्हणाल, "आमच्या गावात तसलं काही न्हाई. आम्ही एकोप्यानं राहतो. पिराच्या उरुसाला हिंदू जात्यात, मोहरमच्या ताबुताला खांदा देत्यात." खरे आहे. महाराष्ट्रात कितीतरी गावी हे चालते, आणि ते चांगलेच आहे. पण जत्रेत कोणी कोणाची मजुरी कापत नसतो. उरुसाला एका पंगतीत बसलेली माणसे दुसऱ्या दिवशी कामावर एकमेकांशी कशी वागतात, ते निराळे पाहावे लागते.

आता मुकादमाचे बघा. रस्त्याच्या कामाला त्याला दहा माणसे पाहिजेत. तो काय करतो? आधी आपल्या भावाला निरोप देतो. मग मेव्हण्याला. मग भावकीला. मग आपल्या आळीतल्या दोघांना. झाली दहा माणसे. मुसलमानांच्या मोहल्ल्यात निरोप गेला नाही. बौद्धवस्तीतही गेला नाही. मुकादमाला विचारले, "का हो, त्यांना का नाही बोलावले?" तर तो म्हणतो, "माझं काय त्यांच्याशी वाकडं हाय? ध्यानातच आलं न्हाई."

आणि तो खोटे बोलत नसतो. खरोखरच त्याच्या ध्यानात आलेले नसते. त्याने कोणाचा द्वेष केला नाही. त्याने फक्त आपला माणूस पाहिला. माझ्या मते द्वेषाने जेवढा अन्याय होतो, त्याहून जास्त या "आपला माणूस" पाहण्याने होतो. द्वेष दिसतो, त्याला जाब विचारता येतो. हा अन्याय दिसत नाही. चूल मात्र विझलेलीच राहते.

मुंबईच्या कापड गिरण्यांत असेच चाले. तिथे मजूर भरण्याचे काम जॉबर करी. जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादमच. तो आपल्या गावचे, आपल्या जातीचे, आपल्या ओळखीचे लोक आणी. त्यामुळे एकेका खात्यात एकेका समाजाची गर्दी होई.

त्यातले विणाई खाते हे मिळकतीचे खाते. सुतखात्यापेक्षा तिथे पैसे जास्त सुटत. पण अस्पृश्य मानलेल्या लोकांना तिथे घेत नसत. का? कारण ऐकून हसावे की रडावे ते कळत नाही. धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घाली, आणि धोट्याच्या भोकातून दोरा तोंडाने ओढून बाहेर काढी. तोच धोटा पुढे दुसऱ्या माणसाच्या हाती जाई. त्याने तोंड लावलेल्या धोट्याला आम्ही तोंड कसे लावायचे? विटाळ होईल! एवढ्या कारणाने हजारो माणसांच्या घरात कमी पगार जात राहिला. सगळ्यांनी मिळून संप केला, सगळ्यांनी मिळून उपास काढले, तरी विणाई खात्याचे दार काही उघडेना. १९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघड उघड मांडला. ते म्हणत होते ते साधे होते. मालकाकडे न्याय मागता, तर आपल्या शेजारच्या मजुरालाही न्याय द्या.

धोट्याला तोंड लावणे ही तर सगळ्यांच्याच तब्येतीला वाईट गोष्ट. थुंकीतून रोग पसरतो. हाताने दोरा ओवता येईल असा धोटा करणे काही अवघड नव्हते. पण विटाळाची भाषा सुरू झाली की साधा उपाय कोणाला सुचत नाही, हे तुम्ही आपल्या पाणवठ्यावरही पाहिले असेल.

त्याच मुंबईतली एक चांगली गोष्टही सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. ते ठाण्याचे, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. 'दीनबंधु' हे वर्तमानपत्र ते चालवत. त्या काळी गिरणीत आठवड्याची सुटी नव्हती. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम. १८८४ साली लोखंड्यांनी मजुरांच्या सभा भरवल्या आणि एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार मजुरांच्या सह्या होत्या. रविवारी सुटी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या, यंत्रात सापडून जखमी झालेल्याचा पगार कापू नका. अशा त्या मागण्या होत्या. सहा वर्षे हे चालले. १८९० च्या एप्रिलात दहा हजार मजुरांची सभा झाली. त्यात दोन बायकांनीही भाषणे केली. त्यानंतर जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली.

आता यात एक गंमत आहे. साहेब लोक रविवार पाळत ते त्यांच्या धर्माप्रमाणे. लोखंडे म्हणत, रविवार हा आमच्या खंडोबाचाही वार. अशा रीतीने एका वारात दोन धर्मांची सोय झाली. आणि सुटी मात्र सगळ्यांनाच मिळाली. मुसलमान मजुरालाही मिळाली. त्याला कोणी म्हटले नाही की, रविवार तुझा नाही, तू कामाला ये.

पुढे १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. तेव्हाही लोखंडे सलोख्यासाठी झटले. मजुरांची बाजू घेणारा माणूस दंग्यात का पडला, असे कोणी विचारील. दंग्याच्या दिवसात मजूर कामावर कसा जाणार? ज्याचे पोट हातावर, त्याच्या घरी दंग्यात आधी चूल बंद होते. मग तो हिंदू असो की मुसलमान असो.

रविवारचे झाले. मग तुम्ही विचाराल, मुसलमानाच्या शुक्रवारचे काय? चांगला प्रश्न आहे. इथे मला दोन शब्द तुमच्यापुढे ठेवायचे आहेत. एक सोय आणि दुसरा पक्षपात. लोक या दोहोंची गल्लत करतात.

समजा, एक मुसलमान गवंडी आहे. शुक्रवारी दुपारी तो नमाजाला जातो. जाऊन येऊन त्याला तासभर लागतो. तो म्हणतो, "मुकादम, सकाळी लवकर येतो, तेवढं काम भरून देतो." मुकादमाने हो म्हटले. ही सोय झाली. काम बुडले नाही, दुसऱ्या कोणाची मजुरी गेली नाही. तरी बाकीचे कुरकुरतात, "त्याला बरं सोडता!"

त्या कुरकुरणाऱ्यांना मी विचारतो, आषाढीला वारीला कोण जाते? आळंदीहून पंढरपूर म्हणजे अडीच-तीन आठवडे. वारकरी मजूर परत आला की त्याची जागा आपण राखून ठेवलेली असते. कोणी त्याला नाव ठेवत नाही, उलट पाया पडतो. ते बरोबरच आहे. नागपंचमीला कुणबी नांगर धरत नाही. बैलपोळ्याला बैलाला सुटी देतो. बौद्ध मजूर सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जातो. मग नमाजाचा एक तास का बोचावा? रमजानच्या महिन्यात रोजा धरलेला माणूस दिवसभर पाणीही घेत नाही. तो उन्हाळ्यात आला तर अवजड काम त्याला सकाळच्या पारी द्यावे, दुपारी हलके द्यावे. आपली आई एकादशीला उपाशी असते, तेव्हा घरात आपण हेच करतो.

सरकारच्या कायद्यातही अशी सोय केलेली आहे. शीख लोक कृपाण बाळगतात. ते त्यांच्या धर्माचे अंग आहे, असे आपल्या राज्यघटनेने पंचविसाव्या कलमातच लिहून ठेवले आहे. मोटरसायकलवर बसणाऱ्याने हेल्मेट घातलेच पाहिजे. पण पगडी घातलेल्या शिखाला त्यातून कायद्यानेच सूट आहे. नांदेडकडच्या मंडळींनी हे पाहिले असेल.

आणि पक्षपात कोणता? तोही सांगतो. काम सारखे आणि मजुरी कमी, हा पक्षपात. अवघड काम नेहमी एकाच वस्तीच्या माणसाकडे, हा पक्षपात. पिण्याच्या पाण्याचा वेगळा डेरा, हाही. नावाने हाक न मारता धर्माच्या नावाने हाक मारणे, हाही. साहित्य चोरीला गेले की पहिला संशय ठरलेल्या माणसावर, हा तर फार वाईट. आणि आजकाल एक नवीनच निघाले आहे. दूर कुठेतरी दंगा होतो. मोबाईलवर निरोप फिरतात, अमक्या धर्माच्या माणसाला काम देऊ नका, त्याच्याकडून माल घेऊ नका. आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच गावच्या गवंड्याला लोक जाब विचारतात. अहो, त्याने तुमची भिंत बांधली. तुमच्या आजोबाचे घरही त्याच्याच आजोबाने बांधले असेल. दूरच्या गुन्ह्याचा जबाब त्याने का द्यावा? तुम्हांला कोणी परगावच्या चोराबद्दल विचारले, तर चालेल का?

हे उलटही लागू आहे बरं का. ठेकेदार मुसलमान असला आणि मजूर हिंदू असला, कारखानदार जैन असला आणि कामगार बौद्ध असला, तरी हिशेब हाच. ज्याच्या हातात वही, त्याची जबाबदारी मोठी.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात ऐका. आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली. तिचे सोळावे कलम म्हणते की, सरकारी नोकरीत धर्मावरून किंवा जातीवरून कोणालाही डावलता येणार नाही. पंधरावे कलम म्हणते की, दुकाने, उपाहारगृहे, सार्वजनिक विहिरी, तळी, घाट, रस्ते सर्वांना मोकळे आहेत. सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. पंचविसाव्या कलमाने ज्याला त्याला आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. हे सगळे फार मोलाचे आहे. पण मी तुम्हांला फसवणार नाही. सोळावे कलम सरकारी नोकरीपुरते आहे. ऊसतोडीच्या टोळीत कोणाला घ्यायचे आणि घर बांधायला कोणता गवंडी बोलवायचा, हे त्या कलमाने ठरत नाही. तिथे मुकादम ठरवतो, घरमालक ठरवतो. म्हणजे तुम्हीच ठरवता.

आता दुसरी वही. मागे उभ्या असलेल्या पोरांनो, जरा पुढे या. हे तुमच्यासाठी आहे.

गावोगाव तरुण मंडळे आहेत. मंडळ गणपती बसवते, कबड्डीचा संघ काढते, वाचनालय चालवते, कधी रक्तदानही करते. चांगली गोष्ट आहे. पण कितीतरी मंडळांत मी असे पाहतो की, मुसलमान पोरगा चढाईला चालतो, कार्यकारिणीत चालत नाही. संघ जिंकायचा असला की तो आपला. फोटो काढायचा असला की तो कडेला. त्याच्या मनाला ते कळत नाही असे समजू नका.

वर्गणीचेही तसेच. गणपतीची वर्गणी कोणी आनंदाने देतो. कोणाच्या धर्मात मूर्तिपूजा नाही, तो म्हणतो, "मी देत न्हाई." लगेच पोरे म्हणतात, "मग मंडळातून भाईर हो!" हे का? कबड्डीचा आणि गणपतीचा काय संबंध? यावर एक साधा उपाय आहे, आणि तो वहीतच आहे. वहीत दोन रकाने पाडा. एक सणाचा, एक खेळाचा आणि वाचनालयाचा. ज्याला दोन्हींत द्यायचे त्याने दोन्हींत द्यावे. ज्याला खेळातच द्यायचे त्याने खेळात द्यावे. पण सभासद दोघेही सारखेच. मत दोघांना, जर्सी दोघांना, अध्यक्ष होण्याचा हक्क दोघांना. उरूस कमिटीच्या पोरांनाही माझे हेच सांगणे आहे. आणि हो, मंडळाची सभा शुक्रवारी दुपारी ठेवू नका. आणि पोरींनाही सभासद करा. त्यावर निराळे भाषण होईल.

सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात गोटखिंडी नावाचे गाव आहे. तिथले मंडळ १९८० सालापासून आपला गणपती मशिदीत बसवते. मुसलमान मंडळी आनंदाने जागा देतात, आरतीला येतात. बकरी ईद आणि गणपती एकाच वेळी आले, तेव्हा त्यांनी फक्त नमाज पढून ईद साजरी केली, कुर्बानी दिली नाही. ऐकून बरे वाटते. पण मी असे म्हणत नाही की सगळ्यांनी गोटखिंडीसारखेच करावे. एखादा मुसलमान म्हणाला की, मी आरतीला उभा राहणार नाही, तर तोही मंडळाचा तेवढाच चांगला सभासद. एखादा हिंदू म्हणाला की, मी दर्ग्यावर चादर चढवणार नाही, तर त्यालाही वाईट म्हणू नका. एकमेकांच्या देवाला हात जोडणे ही खुशीची गोष्ट आहे. एकमेकांना सारखे वागवणे ही खुशीवर सोडायची गोष्ट नाही.

पूर्वीही अशा संघटना होत्या. १९४१ साली राष्ट्र सेवा दल उभे राहिले. एस. एम. जोशी त्याचे प्रमुख. साने गुरुजींचा त्याच्यावर फार जीव. सेवा दलाच्या मैदानावर सगळ्या जातिधर्मांची मुलेमुली एका रांगेत उभी राहत, एकत्र खेळत, एकत्र गात. नंतर हीच माणसे एकमेकांच्या अडीअडचणीला धावली. लहानपणी एका रांगेत उभे राहिलेल्याला मोठेपणी शेजाऱ्याचे भय वाटत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती गुजरातेतल्या अहमदाबाद शहरातली आहे, पण तिच्यात एक मराठी घर आहे. वसंतराव हेगिष्टे हा मराठी कुटुंबातला तरुण. रजबअली लाखाणी हा मुसलमान तरुण. दोघे काँग्रेसच्या सेवादलाचे काम करत. दोघांची मैत्री. १९४६ साली १ जुलैला रथयात्रेच्या दिवशी शहरात दंगा पेटला. हे दोघे दंगा शांत करायला जमालपूर भागात गेले. जमावापुढे उभे राहिले. जमावाने ऐकले नाही. दोघेही त्याच दिवशी मारले गेले. गुजरातेत अजून १ जुलैला लोक त्यांची आठवण काढतात, आणि नावे जोडूनच घेतात. वसंत-रजब.

तुम्हांला कोणी जमावापुढे उभे राहायला सांगत नाही. तुमचे काम त्याहून पुष्कळ सोपे आहे. कबड्डीच्या संघात नाव लिहिताना हात आखडू नये, एवढेच.

आता वह्या कशा वाचायच्या ते पाहू. मुकादमाची वही हातात आली की आधी नावे मोजा. कोणत्या वस्तीची किती, ते मनात धरा. एखाद्या वस्तीचे एकही नाव नसेल तर विचारा, "मुकादम, तिकडं निरोप गेला होता का?" भांडू नका, नुसते विचारा. दुसऱ्यांदा तो आपणहून निरोप धाडील. मग नाव पूर्ण लिहिले आहे का ते पाहा. कोणाचे नाव पूर्ण आणि कोणाचे नुसते टोपणनाव, असे नको. बँकेत पैसे येताना त्या अर्ध्या नावाचा घोटाळा होतो, आणि हेलपाटे त्यालाच पडतात. मग दिवस आणि दर यांचे रकाने. एकाच कामाला दोन दर दिसले तर बोट ठेवा आणि कारण विचारा. स्वतःचा रकाना तर वाचाच, शेजारच्याचाही वाचा. त्याला अजून वाचता येत नसेल तर त्याला वाचून दाखवा.

मंडळाच्या वहीत दोन रकाने आहेत का, कार्यकारिणीत कोण कोण आहे, आणि गेल्या वर्षी कोणाचे नाव का कमी झाले, ते पाहा.

फळ्यावर मी एक हजेरी लिहून ठेवली आहे. नावांच्या जागी नुसते अ, ब, क, ड घातले आहे. त्यात मुद्दाम दोन चुका केल्या आहेत. एक दराची आहे, एक दिवसांची. बायकांनी पहिल्या ओळीपासून वाचावे, पुरुषांनी शेवटच्या ओळीपासून. ज्याला सापडेल त्याने हात वर करावा. आणि मंडळाचे खजिनदार इथे आले असतील तर त्यांनी बुधवारच्या वर्गाला वही घेऊन यावे. पट्टी आणि पेन्सिल माझ्याकडे आहे. दुसरा रकाना आपण इथेच पाडू.